विरजणाचा प्रवास : परदेशस्थ मराठी कुटुंबे आणि बिनसाखरेच्या दह्याचा प्रश्न
(नागाव, जि. रायगड परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अक्षी ओलांडले की नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीतच घर आणि पलीकडे समुद्र अशी या गावाची रचना आहे. आज नागाव पर्यटनासाठी ओळखले जात असले, तरी येथील वाड्यांमधून नोकरी-शिक्षणासाठी मुंबईस आणि तेथून परदेशी जाण्याचा ओघ जुना आहे. आपल्या महाविद्यालयीन वर्तुळातही मुलगा अथवा मुलगी परदेशी असलेली अनेक कुटुंबे आहेत. सुनेच्या वा लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने तिकडे राहून आलेल्या आईवडिलांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास असते : 'तिकडे दही मिळत नाही. मिळते ते गोड असते. घरी लावावे तर लागत नाही.'

ही तक्रार वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु मधुमेह असलेली वडीलधारी व्यक्ती पांढरे दिसणारे गोड योगर्ट दही समजून रोज खाते, किंवा आयुष्यभर शाकाहार पाळलेली गृहिणी नकळत जिलेटिन मिसळलेला पदार्थ उपवासाला घेते, तेव्हा तिचे गांभीर्य लक्षात येते. प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. (१) नागावात सहज लागणारे दही परदेशी का लागत नाही? (२) काही देशांत साधे दही सहज मिळते, तर काही देशांत ते शोधावे लागते, असे का? (३) परदेशस्थ कुटुंबाने साधे दही ओळखावे कसे व लावावे कसे? लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून अन्नविज्ञान आणि सामाजिक इतिहास या दोन्ही अंगांनी विषयाची मांडणी केली आहे.

नागावचे दही : हवामान आणि परंपरा

कोकणातील घरात दही ही विकत आणण्याची वस्तू नव्हती. आदल्या दिवशीच्या दह्यातील चमचाभर विरजण दुसऱ्या दिवशीच्या कोमट दुधात घातले जाई. घरचे विरजण बिघडले, त्याला तार सुटली, तर वाटी घेऊन शेजारच्या घरी जावे लागे. त्यामुळे एका आळीतील दही हे बहुधा एकाच विरजणाचा विस्तार असे. दह्याच्या अवस्थांना स्वतंत्र नावे होती. नुकतेच लागलेले, अद्याप आंबट न झालेले ते अदमुरे. घट्ट, सुरीने कापता येईल असे ते कवडी दही. वर साय धरलेले ते सायीचे. सुटलेल्या पाण्यास निवळी म्हणत. ज्या भाषेत एका पदार्थाच्या इतक्या अवस्थांना शब्द आहेत, तेथे त्या पदार्थाचे निरीक्षण किती बारकाईने होत असे हे वेगळे सांगावयास नको.

या परंपरेला हवामानाची साथ होती. अलिबागच्या किनाऱ्यावर दिवसाचे तापमान वर्षातील बराच काळ ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि हिवाळ्यातील रात्री वगळल्यास ते २० अंशांच्या खाली सहसा जात नाही. घरगुती दह्यातील जिवाणूंना नेमके हेच तापमान मानवते. रात्री ओट्यावर झाकून ठेवलेले दूध सकाळी लागलेले असे, यात गृहिणीच्या कौशल्याबरोबरच समुद्रकिनाऱ्याच्या उबदार, समतोल हवेचाही वाटा होता. थंडीत पातेले चुलीजवळच्या उबेत ठेवणे आणि दूध 'बोटाला सोसेल इतके' कोमट करणे हे तापमापकाविना केलेले तापमान-नियंत्रणच होते. परदेशी गेलेले कुटुंब विरजणाची रीत बरोबर नेते. नागावची हवा मात्र मागे राहते. 'लावावे तर लागत नाही' या तक्रारीचे पहिले उत्तर येथे मिळते.

दही आणि योगर्ट : दोन भिन्न संवर्धने

दुसरे उत्तर जिवाणूंच्या प्रकारात आहे. दही व योगर्ट हे शब्द आपण पर्यायवाची म्हणून वापरतो. पण सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने ते एक नव्हेत. १९०५ मध्ये जिनिव्हा येथे शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशातील आंबट दुधातून एक दंडाकार जिवाणू शोधून काढला. तोच पुढे लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस म्हणून प्रसिद्ध झाला. हा जिवाणू आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस यांच्या सहजीवनातून योगर्ट तयार होते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगाच्या २००३ च्या मानकातही योगर्टची ओळख याच जोडीने ठरविली आहे. एक जिवाणू दुधातील प्रथिने विघटित करून दुसऱ्यास अमिनो आम्ले पुरवितो, तर दुसरा फॉर्मिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड देऊन पहिल्याची वाढ करतो. या जोडीस ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्या तापमानात दूध चार ते सहा तासांत घट्ट होते.

आपल्या घरगुती दह्यात अनेक जिवाणूंचे मिश्रण असते. त्यात लॅक्टोकोकस लॅक्टिस व त्याचे प्रकार, ल्युकोनोस्टॉक, काही लॅक्टोबॅसिलस आणि क्वचित यीस्टही आढळतात. यांपैकी मुख्य जिवाणू २५ ते ३० अंशांत उत्तम वाढतात. ते दुधातील सायट्रेटपासून डायअसेटिल हे द्रव्य निर्माण करतात आणि लोण्याची आठवण करून देणारा ताज्या दह्याचा वास त्यातून येतो. योगर्टचा काहीसा तीक्ष्ण, हिरव्या सफरचंदासारखा वास असिटाल्डिहाइडचा असतो. 'तिकडचे दही आंबट आहे, पण दह्यासारखे लागत नाही' या अनुभवामागे हे रासायनिक कारण आहे.

दूध घट्ट होण्याची क्रिया मात्र दोन्हींत सारखीच आहे. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो. जिवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात व सामू ४.६ च्या जवळ आला की केसीन हे प्रथिन एकत्र येऊन जाळे तयार करते. दूध आधी नीट तापविले असेल तर मठ्ठ्यातील, म्हणजे निवळीतील प्रथिनेही या जाळ्यास चिकटतात, दही घट्ट होते आणि पाणी कमी सुटते. दूध उकळून, काही वेळ मंद आचेवर आटवून मग विरजण्याच्या आपल्या रीतीस अशा प्रकारे शास्त्रीय आधार आहे.

गोड योगर्टचा इतिहास : औषध ते मिष्टान्न

साधे दही काही देशांत दुर्मिळ का, याचे उत्तर दुधात नसून बाजाराच्या इतिहासात आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी आंबट दुधाचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. पश्चिम युरोपात योगर्टला प्रतिष्ठा मिळाली ती औषध म्हणून. आयझॅक करासो यांनी १९१९ मध्ये बार्सिलोना येथे डॅनोनची स्थापना केली, तेव्हा त्यांचे योगर्ट औषधांच्या दुकानांतून विकले जाई. १९४२ मध्ये हा व्यवसाय न्यूयॉर्कला पोहोचला. तेथील प्रारंभीचे ग्राहक प्रामुख्याने आंबट दुधाची सवय घेऊन आलेले स्थलांतरित होते. सामान्य अमेरिकन ग्राहकास ती चव रुचेना. १९४७ मध्ये पेल्याच्या तळाशी फळांचा मुरंबा घातलेले योगर्ट बाजारात आले आणि विक्रीचा मार्ग खुला झाला. औषध म्हणून आलेला पदार्थ मिष्टान्न झाला. त्यानंतर अमेरिकी ग्राहकाच्या मनात योगर्ट म्हणजे गोड पदार्थ हेच समीकरण दृढ झाले. साधे योगर्ट हा त्याचा एक अपवादात्मक प्रकार ठरला.

जपानचे उदाहरणही बोलके आहे. तेथे आधी गोड, घट्ट केलेले योगर्ट प्रचलित होते. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात बल्गेरियन योगर्टचा परिचय झाल्यानंतर मेजी कंपनीने साधे योगर्ट बाजारात आणले. परंतु त्या डब्यास साखरेची पुडी दीर्घकाळ जोडलेली असे. याउलट तुर्कस्तान, बाल्कन प्रदेश, अरब देश येथे आंबट दूध घराघरांत लावले जात होते. तेथे कारखाने आले तरी साधा पदार्थ हाच मूळ पदार्थ राहिला. रायगड-रत्नागिरीतून आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कोकणी कुटुंबांना तेथील लबन व झबादी यांमुळे ताक-दह्याची उणीव फारशी भासली नाही, ती याच कारणाने. थोडक्यात, ज्या समाजात आंबट दूध घरातून बाजारात गेले तेथे साधे दही सहज मिळते. जेथे ते औषधालयातून मिष्टान्नाच्या फळीवर आले तेथे ते शोधावे लागते.

या संदर्भात अलिबागशी निगडित एक उदाहरण आठवते. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि लग्नानंतरचा काही काळ या दांपत्याचे वास्तव्य अलिबागेस होते. १८८३ मध्ये आनंदीबाई वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या शाकाहारी होत्या. अमेरिकी बाजारात योगर्ट ही वस्तूच रुळलेली नव्हती, अशा काळात त्यांनी तेथे तीन वर्षे काढली. आजच्या विद्यार्थ्यासमोर योगर्टच्या डझनभर डब्यांतून निवड करण्याचा प्रश्न आहे. त्यांच्यासमोर निवडच नव्हती.

बेने इस्राएल : एक वेगळा अनुभव

रायगड किनाऱ्यावरून परदेशी गेलेल्या मराठी भाषकांत बेने इस्राएल समाजाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगाव येथे किनाऱ्यास लागले. (अलिबागच्या उत्तरेचे नवगाव व दक्षिणेचे नागाव यांत नामसाम्यामुळे गल्लत होऊ नये.) तेलाच्या घाण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुटी यांमुळे ते 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे, अलिबागची इस्राएल आळी व तेथील मागेन अबोथ आणि रेवदंड्याचे बेथ एल ही प्रार्थनामंदिरे या समाजाच्या येथील मुळांची साक्ष देतात.

मांसाबरोबर दुग्धजन्य पदार्थ न खाण्याचा धार्मिक नियम हा समाज पाळत आला. त्यामुळे त्यांच्या मांसाहारी रश्शात दह्याऐवजी नारळाचे दूध आले. नारळाच्या वाड्यांचा हा प्रदेश असल्याने धर्मनियम आणि भूगोल यांचा येथे सहज मेळ बसला. दही राहिले ते मांस नसलेल्या जेवणात. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलमध्ये गेली आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला आदी गावांत स्थायिक झाली. तेथे त्यांच्यापुढे घर, रोजगार आणि सामाजिक स्वीकृतीचे प्रश्न मोठे होते. त्यांच्या विवाहविषयक दर्जाबाबतचा संघर्ष १९६४ पर्यंत चालला. साध्या दह्याचा प्रश्न मात्र त्यांना तुलनेने सोपा गेला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या तनुवा या सहकारी संस्थेसारख्या दुग्धोत्पादकांकडून लेबेन, एशेल ही बिनसाखरेची आंबट दुधे दैनंदिन आहारात पुरविली जात होती. शिवाय धर्मनियमांची पूर्तता दुकानातील मालातच झालेली असे. चव थोडी निराळी असली तरी पदार्थ ओळखीचा होता.

हेच कुटुंब अमेरिकेस गेले असते तर त्याला आणि त्याच्या नागावातील शाकाहारी शेजाऱ्याला एकाच अडचणीस तोंड द्यावे लागले असते. ती अडचण म्हणजे जिलेटिन. योगर्टला घट्टपणा देण्यासाठी काही उत्पादक जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेले जिलेटिन वापरतात. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवला पाहिजे. कोशर चिन्ह असलेला पदार्थ शाकाहारी असतोच असे नाही. कोशर जिलेटिन माशांपासून अथवा धर्मनियमानुसार कापलेल्या जनावरापासूनही काढलेले असू शकते. म्हणून शाकाहारी व्यक्तीने केवळ चिन्हावर न विसंबता घटकांची यादी वाचावी. पेक्टिन हा घटक वनस्पतिजन्य असल्याने त्याबाबत ही शंका राहत नाही.

वेष्टन कसे वाचावे?

दुकानात साधे दही ओळखण्यासाठी पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

(१) रंगावर विसंबू नये. व्हॅनिला योगर्ट पांढरेच असते, पण त्यात साखर असते. 'लाइट' असे लिहिलेल्या प्रकारांत पुष्कळदा कृत्रिम गोडी असते. 'प्लेन' हा शब्द पाहावा व घटकांत दूध आणि जिवाणू यांखेरीज काय आहे ते तपासावे.

(२) साखरेच्या आकड्याने गोंधळू नये. साध्या योगर्टच्या १०० ग्रॅममध्येही चार ते पाच ग्रॅम साखर दाखविलेली असते. ती दुधाचीच असते. अमेरिकेत २०१६ च्या नियमानुसार 'वरून घातलेली साखर' वेगळी दाखवावी लागते. साध्या दह्यात ती शून्य असावी. मधुमेही व्यक्तीसाठी हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे.

(३) विरजण म्हणून वापरावयाचे असल्यास जिवाणू जिवंत असल्याचा उल्लेख पाहावा. तयार झाल्यानंतर पुन्हा तापविलेल्या योगर्टने दूध लागत नाही. अमेरिकेच्या २०२१ च्या सुधारित व्याख्येनुसार अशा डब्यावर त्यात जिवंत जिवाणू नसल्याचे नमूद करावे लागते.

(४) ग्रीक पद्धतीचे गाळलेले योगर्ट म्हणजे बव्हंशी आपला चक्काच. कोशिंबीर व ताकासाठी ते पाणी घालून सैल करावे लागते; श्रीखंडासाठी मात्र दही टांगून ठेवण्याचा वेळ वाचतो.

परदेशी स्वयंपाकघरातील विरजण

विरजण कोणते आहे, यावर तापमान ठरते. नेमकी येथेच बहुतेक फसगत होते. दुकानातील योगर्ट विरजण म्हणून वापरले, तर दूध ४२-४३ अंशांवर पाच ते आठ तास राहिले पाहिजे. नागावच्या सवयीने ते ओट्यावर ठेवले तर थंड हवेत लागत नाही. उलटपक्षी, गावाकडून आलेले अथवा परिचितांकडून मिळालेले देशी दह्याचे विरजण विजेच्या कुकरमधील योगर्टच्या योजनेवर ठेवले, तर तेथील तापमान त्या जिवाणूंना सोसत नाही. लॅक्टोकोकसची वाढ ४० अंशांच्या वर जवळपास थांबते. अशा दुधास २८ ते ३० अंशांत आठ ते बारा तास द्यावेत. केवळ दिवा लावलेल्या, बंद ओव्हनमध्ये अशी ऊब पुष्कळदा मिळते. तापमापकाने एकदा खात्री करून घ्यावी. दोन्ही प्रकारांत दूध उकळून, योग्य तापमानास निववून, लिटरला एक ते दोन चमचे विरजण थोड्या दुधात फेटून घालावे व लागेपर्यंत भांडे हलवू नये.

गावाकडचे विरजण नेणे दरवेळी शक्य नसते. युरोपीय संघात बाहेरील देशांतून प्रवाशाने दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे व ऑस्ट्रेलियातील जैवसुरक्षा नियमही कडक आहेत. अशा वेळी एक सोपा पर्याय उपलब्ध आहे, तो फारसा माहीत नाही. अमेरिका व ब्रिटनमध्ये मिळणारे संवर्धित ताक, म्हणजे कल्चर्ड बटरमिल्क, हे लॅक्टोकोकस व ल्युकोनोस्टॉक यांच्याच साहाय्याने केलेले असते. ते जिवंत असेल तर विरजण म्हणून वापरल्यास साध्या उबेत लागणारे, आपल्या दह्याच्या वासाच्या जवळ जाणारे दही तयार होते. स्वीडनमधील फिलम्योल्क हा पदार्थही याच गटातील आहे.

विरजण अजिबात नसता मिरचीचे देठ दुधात घालण्याची रीत आपल्याकडे सर्वश्रुत आहे. वनस्पतींच्या पृष्ठभागावर लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू असतात, हे त्यामागील कारण होय. परंतु देठावर इतर जिवाणूही असल्याने निष्पत्ती अनिश्चित असते. पहिली खेप न खाता केवळ विरजण म्हणून वापरावी आणि वेगळा रंग, बुरशी वा दुर्गंध आढळल्यास टाकून द्यावी. लिंबू पिळल्याने दूध फाटते, त्याचे दही होत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे.

आणखी एक प्रश्न वारंवार विचारला जातो : दुकानातील योगर्टपासून लावलेले दही काही खेपांनंतर का बिघडते? त्यात मोजक्याच, निवडलेल्या जातींचे जिवाणू असतात. घरगुती हाताळणीत त्यांचे परस्पर प्रमाण ढळते व जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंचा प्रादुर्भाव झाला तर सावरण्यास दुसऱ्या जाती नसतात. घरगुती विरजणात विविधता असल्याने ते अधिक टिकते. म्हणून काही खेपांनंतर विरजण बदलावे. नागावात शेजारच्या घरून वाटी आणली जाई, त्यामागील गरज हीच होती. परदेशी गेलेल्यांनी ती वाटी दुकानातून आणण्यापेक्षा दोन-तीन मराठी कुटुंबांनी आपापसांत विरजण फिरते ठेवणे अधिक हिताचे. एकाकडचे बिघडले तरी दुसऱ्याकडचे शिल्लक राहते.

समारोप :

मार्च २०२३ मध्ये पाकिटावरील नावावरून दक्षिणेतील राज्यांत नाराजी व्यक्त झाल्यानंतर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 'कर्ड' या शब्दासोबत दही, मोसरू, तयिर, पेरुगु अशी प्रादेशिक नावे देण्यास मुभा दिली. नावाचा आग्रह हा केवळ अस्मितेचा विषय नसतो. नावामागे एक विशिष्ट पदार्थ व तो तयार करण्याची विशिष्ट रीत असते, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

परदेशात साधे दही न मिळण्याचे कारण तेथील दूध नव्हे. बाजाराचा इतिहास, हवामान आणि विरजणाचा प्रकार ही त्याची कारणे होत व तिन्हींवर उपाय आहेत. तथापि, येथे आणखी एका बाबीचा निर्देश करणे आवश्यक वाटते. आज नागाव-अलिबागेतही दह्याचे पाकीट दुकानातून आणले जाते आणि विरजणाची वाटी घेऊन शेजारी जाण्याचा प्रसंग विरळ झाला आहे. घराबाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास दही लावता येत नाही, ते परदेशात गेल्यामुळे नव्हे, तर घरी ते कधी पाहिलेच नाही म्हणून. आपल्या मुलांना विमानतळावर लोणच्याच्या बरण्या देण्यापूर्वी आठ दिवस दही लावावयास शिकविले, तर ते ज्ञान कोणत्याही देशाच्या सीमेवर अडविले जाणार नाही.